चिरनेरची खाडी : तिथी, भरती आणि छायाचित्र

पनवेलहून गव्हाण फाटा आणि दिघोडे ओलांडून रस्ता चिरनेरला पोहोचतो, तेव्हा समुद्र जवळ आल्याची कोणतीही खूण प्रवाशाला दिसत नाही. एका अंगाला झाडीने भरलेला डोंगर, दुसऱ्या अंगाला भातखाचरे आणि मधोमध महागणपतीच्या देवळाभोवती वसलेले गाव, असे हे दृश्य आहे. किनाऱ्याची छायाचित्रे काढण्यासाठी निघालेली कुटुंबे बहुधा अलिबाग, काशीद किंवा मुरुड गाठतात. चिरनेर त्यांच्या वाटेवरही येत नाही. येथे पांढरी पुळण नाही आणि नारळी-पोफळीची रांगही नाही. येथील किनारा खाडीचा आहे. तो चिखलाचा, तिवरांचा, मिठागरांचा आणि दिवसातून दोनदा रूप पालटणाऱ्या पाण्याचा आहे. अशा किनाऱ्याचे चांगले छायाचित्र मिळणे अवघड असते, आणि म्हणूनच ते मिळाले की त्याचे मोल अधिक वाटते.

या भूमीकडे पाहण्याआधी तिचा इतिहास ठाऊक असावा. चिरनेर आज रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात आहे. पूर्वी हा मुलूख पनवेल तालुक्यात मोडत असे. २५ सप्टेंबर १९३० रोजी येथील अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. जंगल कायद्याने ज्यांच्या गुराचाऱ्यावर आणि लाकूडफाट्यावर निर्बंध आले होते, ते शेतकरी, कोळी आणि कातकरी त्या दिवशी एकत्र आले. पोलिसांच्या गोळीबारात आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. त्यांत चिरनेरचे नाग्या महादू कातकरी होते, तसेच कोप्रोली, खोपटे, दिघोडे, पाणदिवे, मोठी जुई आणि धाकटी जुई या गावांतील माणसे होती. आज मोटारीतून जाताना मैलाच्या दगडांवर जी नावे भरभर मागे पडतात, ती हीच गावे. देवळाच्या लोखंडी गजावर गोळी लागल्याची खूण अजूनही दाखवली जाते. बहुतेक पर्यटक देवळाच्या दर्शनी भागाचे छायाचित्र घेऊन परततात. त्या गजावर सकाळचा तिरपा प्रकाश पडलेला असताना जवळून घेतलेले एक छायाचित्र गावाविषयी अधिक सांगून जाते.

चिरनेरहून पश्चिमेकडे कोप्रोली-खोपट्याच्या बाजूस वळले की जमीन सपाट होत जाते, हवेत खारटपणा येतो आणि खाडी दिसू लागते. खोपट्याच्या पुलापाशी दोन्ही काठांना तिवरांची दाट हिरवी भिंत आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला, तो याच वनस्पतिकुळाच्या रक्षणाची आठवण राहावी म्हणून. पुढे ही खाडी करंजा-धरमतरच्या मोठ्या पाण्याला मिळते आणि पलीकडे रेवसचा काठ दिसतो.

खाडीचे छायाचित्र घेणाऱ्याची पहिली फसगत वेळेच्या बाबतीत होते. सुटीच्या दिवशी सकाळी दहा वाजता तो पोहोचतो आणि समोर राखाडी चिखल पाहून निराश होतो. दुसऱ्या एखाद्याने तेथेच काढलेल्या छायाचित्रात मात्र काठोकाठ पाणी आणि त्यात उलटे पडलेले डोंगर असतात. फरक कॅमेऱ्याचा नसून भरतीचा आहे. मुंबई बंदराच्या परिसरात रोज दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, भरती-ओहोटीच्या पातळीतील फरक पाच मीटरच्या आसपास जातो. अष्टमीच्या सुमारास भांगाच्या भरतीला तो बराच कमी असतो.

भरतीची वेळ काढण्याचा कोकणातील जुना आडाखा व्यापारी घरांना सहज समजेल असा आहे. तिथीला पाऊणने गुणले की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. ज्या पिढीने पावकी, निमकी आणि पाऊणकी तोंडपाठ केली, तिला यासाठी कागदाचीही गरज नव्हती. हा नियम दिवसाला ४५ मिनिटे धरतो. प्रत्यक्षात भरती रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकते आणि खाडीच्या आतल्या भागात पाणी आणखी थोडे उशिरा चढते. म्हणून अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरावा. अचूक वेळ हवी असल्यास भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके आहेतच.

या हिशेबातून छायाचित्रकाराच्या उपयोगाची मोठी गोष्ट निघते. अष्टमीच्या आगेमागे सूर्योदयाला खाडी भरलेली असते, तर अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे सूर्योदयाला ओहोटी असते. ज्याला प्रतिबिंबे हवी आहेत त्याने अष्टमी निवडावी. ज्याला चिखलावर पाण्याने कोरलेल्या नागमोडी रेषा, कलंडलेल्या होड्या आणि चारा टिपणारे पक्षी हवे आहेत, त्याने पौर्णिमा निवडावी. ज्या घरांत अष्टमी-चतुर्दशीचा हिशेब एरवीही ठेवला जातो, तेथे यासाठी वेगळे पंचांग विकत आणावे लागणार नाही.

प्रकाशाचा हिशेबही असाच सोपा आहे. सूर्य क्षितिजाजवळ असताना प्रकाश तिरपा आणि पिवळसर येतो, सावल्या लांब पडतात आणि सपाट चिखलालाही उठाव येतो. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकणाऱ्या कुटुंबांना संध्याकाळची ही वेळ गैरसोयीची ठरते. त्यांच्यासाठी पहाट उत्तम. नवकारशीची ४८ मिनिटे संपेपर्यंत प्रकाश सौम्य राहतो आणि त्यातील पहिला अर्धा तास सर्वांत चांगला असतो. छायाचित्रे आटोपून डबा उघडायला तीच वेळ जुळते. खोपट्याच्या काठावर सूर्य चिरनेरच्या बाजूच्या डोंगरामागून वर येतो, त्यामुळे प्रत्यक्ष ऊन पडण्याआधी आकाश काही काळ उजळलेले असते. त्या मिनिटांत पाणी आणि आकाश यांच्या उजेडात फारसे अंतर नसते, आणि साध्या मोबाइललाही दोन्ही नीट टिपता येतात.

ऋतूंचा विचार केल्यास पावसाळा सरल्यानंतरचे दिवस सर्वांत अनुकूल. हवा धुतलेली असते, डोंगर हिरवे असतात आणि आकाशात ढगांचे पुंजके उरलेले असतात. पौष-माघात मुंबई आणि बंदराच्या बाजूने धुरके पसरते. दूरचे काठ फिकट दिसतात. तरीही हिवाळ्याचे दोन लाभ आहेत. एक, रोहित पक्षी या परिसरातील पाणथळींवर आलेले असतात. दुसरा, मिठागरांचा हंगाम सुरू होतो. उरणच्या मिठागरांतील चौकोनी वाफे, त्यांत पडलेले आकाश आणि बांधावर रचलेल्या मिठाच्या पांढऱ्या राशी यांतून तयार चौकट मिळते. तेथे काम करणाऱ्या माणसांचे छायाचित्र घेण्यापूर्वी त्यांना विचारावे. पक्ष्यांच्या बाबतीत तर विचारण्याची सोय नाही. तेव्हा अंतर राखणे हेच विचारणे. थवा उडताना छान दिसतो म्हणून टाळ्या वाजवणारे पर्यटक दिसतात. भरतीच्या वेळी विसावलेल्या पक्ष्याला उगाच उडावे लागले की त्याची शक्ती खर्च होते आणि ती भरून काढायला त्याला पुन्हा ओहोटीची वाट पाहावी लागते. असे छायाचित्र हातचे गेले तरी चालेल.

खुल्या समुद्राची ओढ असणाऱ्यांनी उरण गावापलीकडे पिरवाडीचा किनारा गाठावा. हिवाळ्यात सूर्य नैऋत्येच्या अंगाला मोकळ्या समुद्रात मावळतो. उन्हाळ्यात तो वायव्येकडे सरकून दक्षिण मुंबईच्या बाजूला उतरतो. एकाच जागेवरून सहा महिन्यांत दोन वेगळी क्षितिजे मिळतात. एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. या परिसरात नौदलाची आस्थापना, मोठे बंदर, तेल-वायू प्रकल्प आणि जवळच नवी मुंबईचा विमानतळ आहे. फलक लावलेल्या हद्दीत कॅमेरा बाहेर काढू नये. ड्रोन उडवण्याचा विचार असल्यास २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार शासनाच्या नकाशावर त्या जागेचे क्षेत्र आधी पाहावे. परवानगी नसेल तेथे तो पिशवीतच राहू द्यावा.

जागा आणि वेळ साधली की चौकटीचा विचार येतो. खाडीच्या छायाचित्रात वरचा अर्धा भाग रिकाम्या आकाशाने आणि खालचा अर्धा रिकाम्या पाण्याने व्यापला, तर पाहणाऱ्याची नजर कोठेच थांबत नाही. जवळच्या भागात काहीतरी ठोस असावे. होडीचा दोर, चिप्यांची चिखलातून वर आलेली श्वसनमुळे, मिठागराचा बांध, यांपैकी काहीही चालेल. आकाशात ढग असतील तर क्षितिज खाली घ्यावे. आकाश कोरे असेल तर वर न्यावे. खाडीचा पलीकडचा काठ कित्येकदा तिरपा जात असतो, त्यामुळे त्यावरून छायाचित्र सरळ आहे की नाही हे ठरवू नये. जेटीचा खांब, डोलकाठी किंवा विजेचा खांब यांचा उभा आधार घ्यावा. चिखल काळा आणि आकाश झगझगीत असल्याने मोबाइल बहुधा आकाश पांढरेफटक करतो. पडद्यावर आकाशाच्या जागी बोट ठेवून उजेड थोडा कमी केला की ढगांचा तपशील वाचतो. काळोखा भाग नंतर उजळता येतो, पण पांढराफटक झालेला भाग परत मिळत नाही. खाऱ्या वाऱ्याने भिंगावर बारीक थर बसतो. आधी फुंकणीने कण उडवावेत, मग मऊ सुती कापडाने पुसावे. घाईने सदऱ्याच्या टोकाने पुसल्यास मिठाचा कणच भिंगावर ओरखडा काढतो.

घरी परतल्यावर छायाचित्र सुधारण्याचे काम सुरू होते. येथे अनेकांचा हात सुटतो. मोबाइलमधील एका बटणाने चिखल चॉकलेटी होतो, तिवरे पोपटासारखी हिरवी होतात आणि आकाश निळ्या शाईचे होते. सुधारणेचा क्रम ठरलेला असावा. प्रथम क्षितिज सरळ करावे आणि कडेचा अनावश्यक भाग कापावा. नंतर एकूण उजेड, त्यानंतर फार उजळ आणि फार काळोखे भाग सावरावेत. मग रंगाचा कल तपासावा. पहाटेचा गारवा आणि सायंकाळची ऊब कॅमेरा स्वतःहून पुसून टाकतो, ती थोडी परत आणावी लागते. धुरके कमी करणारी सोय बेताने वापरावी. तिचा अतिरेक झाला की डोंगराच्या कडेला पांढरी झालर दिसू लागते. ती दिसली की एक पाऊल मागे यावे. रंगांची तीव्रता सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी वाढवावी. छापून घ्यायचे असल्यास काळोखे भाग पडद्यावर वाटतात त्याहून किंचित उजळ ठेवावेत, कारण कागदाला पडद्यासारखा स्वतःचा प्रकाश नसतो. हे सर्व करताना मूळ फाईल मात्र कधीही पुसू नये. काम नेहमी तिच्या प्रतीवर करावे.

सुधारणा कोठे थांबते आणि बनावट कोठे सुरू होते, हा प्रश्न छायाचित्रणाइतकाच जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वापरात असलेल्या काचेच्या निगेटिव्ह निळ्या प्रकाशाला अतिसंवेदनशील होत्या; समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश कोरे होऊन जाई. फ्रेंच छायाचित्रकार ग्युस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६ ते १८५८ या काळात काही सागरदृश्यांसाठी आकाशाची एक आणि पाण्याची दुसरी अशा दोन निगेटिव्ह जोडून एकच चित्र छापले. साधनाची उणीव भरून काढण्याचा तो मार्ग होता. आजचा मोबाइल एका क्षणात अनेक चित्रे घेऊन ती एकत्र करतो, ते त्याच मार्गाचे पुढचे रूप. याउलट फेब्रुवारी १९८२ मध्ये नॅशनल जिऑग्राफिक मासिकाने गिझाच्या पिरॅमिडांचे आडवे छायाचित्र उभ्या मुखपृष्ठावर बसवण्यासाठी संगणकावर दोन पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले आणि त्यावर मोठी टीका झाली. पहिल्या उदाहरणात डोळ्यांना दिसलेले कागदावर आणण्याचा यत्न होता. दुसऱ्यात जे नव्हते ते आहे असे दाखवले गेले.

व्यापारी घराला हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. वहीत चूक झाली तर ती दुरुस्त करण्याची रीत आहे. चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारतात, तो आकडा वाचता येईल असा ठेवतात, योग्य आकडा लिहितात किंवा उलट नोंद टाकून खाते जुळवतात. खरवडून पुसलेला आकडा मात्र सगळ्या वहीवरच संशय आणतो. उजेड सावरणे ही दुरुस्तीची नोंद होय. समोर असलेली क्रेन पुसून टाकणे म्हणजे खरवडणे.

उरण-चिरनेरच्या छायाचित्रांत हा प्रश्न रोजचा आहे. खाडीचे सुंदर दृश्य घ्यावे तर कडेला बंदराच्या क्रेन, विजेचे मनोरे, कंटेनरचे ढीग आणि भरावाची लाल माती येते. आजच्या साधनांनी बोटाच्या एका टिचकीसरशी त्या वस्तू नाहीशा होतात आणि तेथे बेमालूम पाणी भरले जाते. पाहणारा सुखावतो. पण न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, त्यापूर्वी तो काठ कसा होता हे दाखवणारी घरगुती छायाचित्रे किती जणांकडे आहेत? १२ जानेवारी २०२४ रोजी २१.८ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले. त्याचे एक टोक शिवडीला आणि दुसरे चिरनेरच्याच तालुक्यातील चिर्ले येथे आहे. त्याच दिवशी उरणपर्यंत उपनगरी रेल्वेही पोहोचली. या सुधारणांनी परिसरातील व्यापाराला मोठा लाभ होणार, गोदामे वाढणार, जमिनीचे भाव चढणार, हे या वाचकवर्गाला इतरांहून अधिक ठाऊक आहे. ज्या हातांनी तेथे गाळे आणि भूखंड घेतले जातात, त्याच हातांतील मोबाइलने क्रेन पुसून निर्मळ खाडीचे चित्र नातेवाइकांच्या गटावर पाठवले, तर त्या चित्रात लाभही दिसत नाही आणि त्याची किंमतही दिसत नाही. पन्नास वर्षांनी ते चित्र पाहणारा नातू समजेल की २०२५ च्या सुमारास येथे काहीच घडले नव्हते. भराव, पूल, बंदर आणि उरलेली तिवरे एकाच चौकटीत दाखवणारे छायाचित्र कमी देखणे असेल, पण त्यावरून त्याला आपल्या घराचा आणि या काठाचा हिशेब एकत्र वाचता येईल. क्रेन खटकत असेल तर उभे राहण्याची जागा बदलावी, धुरक्यात ती फिकट होईल अशी पहाट निवडावी किंवा तिलाच चौकटीचा विषय करावे. हे तिन्ही मार्ग प्रामाणिक आहेत.

अशा नोंदीसाठी तिथीचा आधार पुन्हा उपयोगी पडतो. वेगवेगळ्या वर्षांची दोन छायाचित्रे ताडून पाहायची तर दोन्हींत पाण्याची पातळी सारखी हवी. इंग्रजी तारीख तीच ठेवली तर एका वर्षी भरती येते आणि दुसऱ्या वर्षी ओहोटी. तिथी तीच ठेवली तर पाणी जवळपास त्याच वेळी चढते, आणि महिना तोच असल्याने सूर्याच्या जागेतही फार अंतर पडत नाही. दिवाळीतील वहीपूजनानंतर आठवडाभराने येणारी कार्तिक शुद्ध अष्टमी या दृष्टीने सोयीची आहे. पाऊस संपलेला असतो, हवा बहुधा स्वच्छ असते आणि सूर्योदयाच्या सुमारास खाडी भरलेली असते. खोपट्याच्या पुलालगतचा काठ किंवा करंजाची जेटी यांपैकी एक जागा कायमची ठरवावी. पुलावर वाहतूक असते, तेथे थांबू नये. दरवर्षी त्याच ठिकाणी, त्याच दिशेला तोंड करून, भिंगाचे झूम न बदलता एक छायाचित्र घ्यावे.

ते जपण्याची पद्धतही ठरवून घ्यावी. व्हॉट्सॲपवर साध्या रीतीने पाठवलेल्या छायाचित्राचा आकार घटतो आणि त्यातील वेळ व स्थळाची माहिती गळून पडते. कुटुंबात द्यायचे असल्यास ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. मूळ फाईलच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी असाव्यात. वर्षातून एक प्रत कागदावर छापून घ्यावी आणि तिच्या पाठीमागे पेन्सिलीने जागा, तिथी, तारीख, वेळ आणि चित्रात केलेली दुरुस्ती लिहावी. जुन्या वह्या ज्या कपाटात संवतानुसार लावलेल्या असतात, त्याच कपाटात एका पातळ अल्बमला जागा सहज होते. तो दहा-बारा पानांचा झाला की खोपट्याच्या काठावर तिवरे किती उरली आणि क्रेन किती वाढल्या, हे घरातील शाळकरी मुलालाही मोजून सांगता येईल.